क्रूझरसाठी सॅडलबॅग, कव्हर आणि जोडसाहित्य : निवडीची सुरुवात कुठून करावी?

लांबपल्ला (धागाकर्ता)

क्रूझर (खाली आसन असलेली, पाय पुढे ठेवून चालवायची मोटारसायकल) घेऊन काही महिने झाले, की सॅडलबॅग (मागच्या चाकाच्या बाजूंना लावायची बॅग), विंडशील्ड, सिसी बार (मागच्या आसनामागचा उभा टेकू), लेगगार्ड, कव्हर अशी यादी डोक्यात तयार होऊ लागते. त्या वेळी बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो बॅग किती लिटरची घ्यावी हा. माझ्या मते तो बराच नंतरचा प्रश्न आहे. गाडी किती वजन वाहू शकते, ते वजन तिच्या कोणत्या भागावर येणार आणि तिथे चाकाला, शॉकअबला (धक्के शोषणाऱ्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरला) व सायलेन्सरला किती मोकळी जागा उरते, हे आधी ठरले पाहिजे. ही मापे हातात आली, की बाजारातले निम्मे पर्याय आपोआप गळतात आणि उरलेल्यांतून निवड करणे सोपे जाते.

वजनाचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. गाडीच्या पुस्तिकेत दोन आकडे असतात : इंधन व तेलासह गाडीचे स्वतःचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन. दुसऱ्यातून पहिले वजा केले, की गाडीची वहनक्षमता मिळते. समजा, गाडीचे वजन १९० किलो आणि कमाल मर्यादा ३७० किलो आहे. हाती १८० किलो उरले. चालक ७५ किलोचा आणि मागे बसणारी व्यक्ती ६५ किलोची धरली, तर १४० किलो तिथेच गेले. दोघांची हेल्मेटे, जाकिटे आणि बूट मिळून दहा-बारा किलो होतात. राहिले २८ किलो. लेगगार्ड, विंडशील्ड, सिसी बार आणि बॅगांच्या लोखंडी चौकटी यांचे मिळून १२ किलो धरले, तर सामानासाठी फक्त १६ किलो उरतात आणि त्यातही बॅगांचे स्वतःचे वजन आलेच. टणक कवचाच्या पेट्यांची जोडी रिकामी असतानाच ८ ते १० किलो भरू शकते. म्हणजे मोठ्या हौसेने घेतलेल्या पेट्यांत प्रत्यक्ष सामान जाणार जेमतेम सहा ते आठ किलो. एकट्याने प्रवास करणाऱ्याला या हिशेबात बरीच सूट मिळते, दोघांनी जाणाऱ्यांना मात्र जवळजवळ काहीच मिळत नाही.

दुसरा मुद्दा गाडीच्या घडणीचा आहे. क्रूझरचे आसन खाली असते, मागच्या शॉकअबची हालचाल इतर प्रवासी गाड्यांच्या मानाने कमी असते आणि सायलेन्सर बाजूने आडवा मागपर्यंत गेलेला असतो. अनेक क्रूझरच्या टाकीवर मधोमध मीटर किंवा कन्सोल असते. त्यामुळे इतर गाड्यांना छान बसणारी टाकीवरची बॅग इथे नीट टेकतच नाही. दुसऱ्या प्रकारच्या गाडीवरचा अनुभव म्हणूनच क्रूझरला जसाच्या तसा लागू होत नाही.

जाणकारांनी बॅगेचे साहित्य, चौकट, सामान बांधण्याची पद्धत, कव्हर आणि विजेची जोडणी यांविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पानापेटी

उत्तम धागा. मी चौकटीपासून सुरुवात करतो, कारण बॅगेपेक्षा चौकट जास्त महत्त्वाची आहे, असे माझे ठाम मत आहे.

आसनावरून दोन्ही बाजूंना टाकण्याच्या जोडबॅगा सोयीच्या वाटतात. काढायला आणि घालायला वेळ लागत नाही. पण त्यांच्या आतल्या बाजूला आधार नसेल, तर खड्ड्यात गाडी खाली बसताच बॅगेचा तळ आत झुकतो. आत कुठे चाक असते, कुठे शॉकअबची स्प्रिंग, तर कुठे चेन किंवा बेल्ट. बॅगेचा मोकळा पट्टा चाकात ओढला गेला, तर चाक जागीच अडकू शकते. म्हणून बॅग कितीही चांगली असली, तरी तिच्यामागे लोखंडी आधारचौकट हवीच. ती चौकट सबफ्रेमच्या (आसनाखालच्या मागच्या सांगाड्याच्या) किंवा मडगार्डच्या आधारपट्टीच्या मूळ बोल्टांवर बसणारी असावी. मडगार्डच्या पत्र्याला नव्याने भोके पाडून बसवायची चौकट घेऊ नये, कारण तिथला पत्रा हादऱ्यांनी भोकाभोवती चिरत जातो.

जागा पुरेशी आहे का, हे पाहण्याची एक सोपी पद्धत सांगतो. बॅगेच्या आतल्या, म्हणजे चाकाकडच्या बाजूवर जाड खडूने दाट आडवे पट्टे ओढावेत. बॅग प्रवासाला भरतो तितकी भरावी, मागे माणूस बसवावा आणि ओळखीच्या खडबडीत रस्त्यावरून अगदी सावकाश थोडे अंतर जाऊन यावे. नंतर बॅग उतरवून उजेडात तिरकी धरावी. खडू सर्वत्र सारखाच विस्कटला असेल, तर काळजीचे कारण नाही. पण एखाद्या जागी तो स्वच्छ पुसून खालचे कापड किंवा चामडे चकाकत असेल, तर तिथे काहीतरी नक्की घासते आहे. खूण चौकटीच्या नळीच्या रेषेत असेल, तर ती बॅग चौकटीवर टेकल्याची आहे आणि तेवढे चालते. ती गोलाईत उमटलेली असेल, तर चाकाची किंवा बेल्टच्या पुलीची आहे, आणि अशी बॅग त्याच अवस्थेत पुढे वापरू नये. स्प्रिंगच्या वेढ्यांसारख्या तुटक रेघा दिसल्या, तर बॅग शॉकअबला लागते आहे. अशा वेळी चौकट वॉशर किंवा स्पेसर घालून बाहेर घ्यावी लागते.

सायलेन्सर आणि बॅगेचा तळ यांत निदान चार बोटांचे अंतर असावे आणि ते गाडी उभी असताना नव्हे, तर भार घातलेल्या स्थितीत मोजावे. पॉलिप्रोपिलिनचे पट्टे साधारण १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळतात. नायलॉन त्याहून बरेच जास्त सोसते, परंतु त्यावरचा लेप आधीच मऊ पडतो. इतके अंतर मिळत नसेल, तर बॅगेच्या तळाला धातूची उष्णतारोधक पट्टी लावावी, तीही मध्ये थोडी हवेची जागा ठेवून.

आणखी दोन गोष्टी खरेदीपूर्वी पाहाव्यात. बॅग लावल्यावर मागचे इंडिकेटर मागून आणि तिरक्या कोनातून दिसतात का? दिसत नसतील, तर ते सरकवण्याची पट्टी वेगळी घ्यावी लागते. दुसरे, बॅग न काढता मागच्या चाकाच्या धुऱ्याचा नट आणि शॉकअब कमी-जास्त करण्याची कडी हाताशी येते का? येत नसेल, तर बॅग पटकन निघणारीच असावी, नाहीतर चेन ताणण्याच्या साध्या कामासाठीही प्रत्येक वेळी सगळे उघडावे लागेल.

जुनीवाट

चौकटीबद्दल आपले म्हणणे मान्य आहे, तरी एक बाजू मांडतो. रोजच्या वापरात दोन-तीन किलोंचे सामान, म्हणजे पावसाळी कपडे, हत्यारांची पिशवी आणि पाण्याची बाटली एवढेच न्यायचे असेल, तर एका बाजूला स्विंगआर्मलगत (मागचे चाक धरून वरखाली होणाऱ्या दांड्यालगत) बसणारी छोटी चामडी बॅग पुरते. तिच्यासाठी वेगळी चौकट लागत नाही आणि गाडीचे रूपही बदलत नाही. क्रूझर घेणाऱ्याला तिचे रूप प्रिय असते. ते बिघडवणारे साहित्य शेवटी घरातच पडून राहते.

पानापेटी

@जुनीवाट, छोटी बॅग स्विंगआर्मला बांधली असेल, तर ती चाकासोबतच वरखाली होते. त्यामुळे चाकाशी तिचे अंतर बदलत नाही, हे खरे आहे. पण त्याच कारणाने प्रत्येक खड्ड्याचा धक्का तिला थेट बसतो. म्हणून तिच्यात काचेची, विजेची किंवा सहज फुटणारी वस्तू ठेवू नये. हत्यारांसाठी ती जागा चांगली आहे, मात्र हत्यारे कापडात घट्ट गुंडाळलेली असावीत. शिवाय स्विंगआर्म वर येताना बॅगेचा वरचा कोपरा गाडीच्या चौकटीला किंवा शॉकअबला भिडत नाही ना, हे पाहून घ्यावे.

सुईदोरा

बॅगा शिवणे हेच माझे काम असल्यामुळे साहित्याविषयी लिहितो.

चामड्याच्या बॅगेवर केवळ "अस्सल चामडे" असे लिहिलेले असणे पुरेसे नाही. कातडीचा वरचा मूळ थर कायम ठेवलेले जाड चामडे सर्वांत टिकाऊ असते. चामड्याचा भुगा चिकटवून वर लेप दिलेले तक्ते दिसायला तसेच असतात. मात्र उन्हापावसात त्यांचे पापुद्रे सुटतात. ओळखण्यासाठी बॅगेच्या झाकणाची कापलेली कड पाहावी. खऱ्या चामड्याच्या कडेला सलग, दाट तंतू दिसतात. बनावट मालाच्या कडेला कापडाचा थर आणि त्यावरचा प्लास्टिकचा पातळ पदर वेगवेगळे दिसतात. कडेवर रंगाचा जाड थर चढवून ती झाकली असेल, तर पट्ट्याच्या भोकात डोकावून पाहावे, कारण तिथे सहसा कोणी रंग भरत नाही.

वनस्पतिजन्य टॅनिनने कमावलेले चामडे घट्ट असते आणि आकार उत्तम धरते. पण पाण्याचे डाग त्यावर लवकर पडतात आणि ओलसर राहिले तर बुरशी येते. क्रोमने कमावलेले चामडे पाण्याला अधिक दाद देत नाही, मात्र ते मऊ असल्याने आत टणक पत्रा किंवा प्लास्टिकचा तक्ता नसेल, तर बॅग लोंबू लागते. कोणतेही चामडे भिजल्यास सावलीत वाळवावे. सायलेन्सरच्या किंवा हीटरच्या उष्णतेवर वाळवलेले चामडे कडक होऊन चिरते. वाळल्यानंतर मेणयुक्त मलम पातळ हाताने लावावे. तेलाचा मारा केल्यास चामडे सैल पडते आणि शिवण ढिली होते.

कापडी बॅगांवर डेनियरचा आकडा असतो. ९००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनियर. ६०० डेनियरचे पॉलिएस्टर हलक्या वापराला ठीक आहे, पण गाडी आडवी पडून घासण्याची शक्यता असेल, तिथे १००० डेनियर किंवा त्याहून जाड नायलॉन घ्यावे. तरीही केवळ आकड्यावर भाळू नये. पाणी कापडातून क्वचितच शिरते. ते शिवणीच्या सुईभोकांतून आणि चेनमधून (झिपमधून) शिरते. बॅग उलटी करून शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, हे पाहावे. चेनवर झाकणाची झडप असेल तर उत्तम, आणि तोंड तीन वेळा गुंडाळून बक्कलने बंद करायची बॅग असेल तर त्याहून उत्तम. चामड्याची बॅग आवडत असेल, तर तिच्या आत बसेल अशी गुंडाळबंद आतली पिशवी वापरावी. रूप आणि कोरडेपणा या दोन्ही गरजा त्यातून भागतात आणि मुक्कामी पोहोचल्यावर फक्त आतली पिशवी उचलून नेता येते.

पट्टे कुठे शिवले आहेत, हेही नीट पाहावे. बॅगेचा भार पेलणारा पट्टा तळाखालून पूर्ण फिरून वर आलेला असावा. केवळ वरच्या कडेला चौकोनी टाके घालून जोडलेला पट्टा भरलेल्या बॅगेच्या वजनाने हळूहळू कापडासकट उसवतो.

लांबपल्ला (धागाकर्ता)

कड पाहण्याची सूचना फार उपयोगाची आहे. चित्रे पाहून बॅग मागवणाऱ्यांनी विक्रेत्याकडून कडेचे जवळून घेतलेले छायाचित्र मागावे, असे मी सुचवीन.

सिसी बारला लावायच्या उंच बॅगांविषयी कोणी लिहील का? एकट्याच्या प्रवासात त्या पाठीला टेकायला बऱ्या पडतात. क्रूझरवर पाय पुढे असल्यामुळे वाऱ्याचा सगळा जोर छातीवर येतो आणि दिवसभरात कंबर भरून येते, म्हणून हा आधार मला महत्त्वाचा वाटतो.

सावकाश

पाठीला आधार मिळतो, हे खरे आहे. मात्र बॅग सिसी बारच्या पुढे, म्हणजे मागच्या आसनावर ठेवली आहे की सिसी बारच्या मागे रॅकवर, यावर सगळे अवलंबून आहे. आसनावरचे वजन मागच्या धुऱ्याच्या पुढे राहते. रॅकवरचे वजन धुऱ्याच्या मागे आणि उंचावर जाते; त्यामुळे पुढच्या चाकावरचा भार कमी होतो, हँडल हलके लागते आणि वेगात गाडी संथपणे डावी-उजवीकडे डोलू लागते. असे डोलणे सुरू झाल्यास ब्रेक दाबू नये आणि हँडलशी झगडू नये. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडत वेग कमी होऊ द्यावा. नंतर थांबून सामान पुन्हा लावल्याशिवाय पुढे निघू नये.

म्हणून जड वस्तू, म्हणजे हत्यारे, कुलूप-साखळी, चार्जर, सॅडलबॅगांच्या तळाशी आणि पुढच्या बाजूला ठेवाव्यात. झोपण्याची पिशवी आणि कपडे वर जावेत. मागच्या रॅकची स्वतःची मर्यादा बहुधा त्यावरच कोरलेली असते आणि ती अपेक्षेपेक्षा फारच कमी असते. दोन्ही बाजूंच्या बॅगा प्रवासापूर्वी घरच्या ताणकाट्यावर तोलून सारख्या कराव्यात. बॅगा भरल्यावर मागच्या शॉकअबचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवावा, टायरमधली हवा पुस्तिकेत भारासाठी सांगितल्याप्रमाणे टायर थंड असताना भरावी आणि हेडलाइटचा झोत वर गेला असल्यास खाली आणावा.

बांधण्यासाठी टोकांना आकडे (हूक) असलेल्या ताणदोऱ्या मी वापरत नाही आणि कोणालाही सुचवत नाही. ताणलेला आकडा हातातून निसटून थेट डोळ्यावर येतो. डोळ्याच्या अशा दुखापती वैद्यकीय क्षेत्राला चांगल्याच परिचित आहेत. बक्कल असलेले रुंद पट्टे घ्यावेत, ते गाडीच्या चौकटीला बांधावेत, इंडिकेटरच्या दांडीला नाही, आणि पट्ट्याची उरलेली शेपटी गुंडाळून वेल्क्रोने बंद करावी.

तारजोड

विजेच्या साहित्याबद्दल थोडक्यात लिहितो. प्रत्येक वस्तूचे वॅट १२ने भागले, की अँपिअर मिळतात. ३६ वॅटचे तापणारे ग्रिप (हँडलच्या मुठी) ३ अँपिअर घेतात, १८ वॅटचा चार्जर दीड. सर्व एकत्र चालू असताना गाडीच्या अल्टरनेटरकडे तितकी शिल्लक आहे का, हे आधी पाहावे. जोड दिवे हेडलाइटच्या तारेला खरवडून जोडू नयेत. रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) घेऊन बॅटरीपासून वेगळी तार आणावी, तिच्यावर बॅटरीजवळच फ्यूज ठेवावा आणि रिलेचा इशारा चावीसोबत चालू होणाऱ्या तारेवरून घ्यावा. चार्जर थेट बॅटरीला जोडून ठेवला, तर गाडी महिनाभर उभी राहिल्यावर बॅटरी उतरलेली सापडते.

मोबाइलच्या पकडीबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो. मोठ्या इंजिनांची तीव्र कंपने हँडलवरून फोनमध्ये गेल्यास कॅमेऱ्याच्या स्थिरीकरण यंत्रणेवर परिणाम होऊ शकतो, असा इशारा अ‍ॅपलने २०२१ मध्येच दिला आहे. क्रूझरच्या मोठ्या जोडसिलिंडर इंजिनांना हे विशेष लागू पडते. कंपने शोषणारा रबरी जोड असलेली पकड घ्यावी, किंवा त्या कामासाठी जुना फोन वापरावा.

पानापेटी

लेगगार्डचा विषय राहिला होता. लेगगार्ड गाडीच्या मुख्य चौकटीवर किमान तीन ठिकाणी बसणारा असावा. पातळ नळीचा, केवळ चकाकणारा गार्ड गाडी जागेवर पडली तरी वाकतो आणि मग ब्रेकच्या किंवा गिअरच्या पायपट्टीवर येऊन अडकतो. त्यावर पुढे पाय ठेवण्याचे जोडपेग लावणार असाल, तर ते गाडी वळणात झुकल्यावर आधी जमिनीला लागणार नाहीत इतके वर असावेत. पाय त्यांवर असताना मागचा ब्रेक पायाखाली नसतो. म्हणून मोकळ्या सरळ रस्त्याखेरीज त्यांचा वापर करू नये.

बोल्टांवर निळ्या रंगाचा, पुन्हा उघडता येणारा थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावावा आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत.

सावकाश

विंडशील्ड घेणाऱ्यांसाठी : नेहमीच्या बैठकीत बसल्यावर काचेची वरची कड नाकाच्या रेषेत यावी, म्हणजे नजर काचेवरून जाते आणि वारा हेल्मेटच्या वरून. कड हनुवटीच्या खाली राहिली, तर वाऱ्याचे भोवरे नेमके हेल्मेटवर आदळतात. पॉलिकार्बोनेटची काच सहज फुटत नाही, परंतु पेट्रोल आणि अमोनिया असलेली काच-सफाईची द्रव्ये यांनी तिच्यावर बारीक तडे पसरतात. ती पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड यांनीच पुसावी. टाकी भरताना थेंब उडाल्यास लगेच धुवावे.

लांबपल्ला (धागाकर्ता)

आता कव्हरचा प्रश्न. गाडी अर्धवट उघड्या जागेत उभी राहते. पूर्ण जलरोधक कव्हर घेतले, तर आत बाष्प धरून क्रोम डागाळते, असे वाचले आहे. हवा खेळणारे घेतले, तर पाऊस आत येतो. यातून मार्ग कोणता?

सुईदोरा

दोन्ही गुण एकाच कापडात पूर्णपणे मिळत नाहीत, म्हणून रचना पाहावी. वरचा भाग जलरोधक आणि दोन्ही बाजूंना पावसाकडे पाठ केलेल्या, झडपेखालच्या हवेच्या खिडक्या असलेले कव्हर घ्यावे. ते जमिनीपर्यंत पोहोचणारे नसावे. चाकांचा खालचा तिसरा हिस्सा उघडा राहिला, तर खालून हवा येते आणि खिडक्यांतून बाष्प बाहेर जाते. १९०टी असे लिहिलेल्या कापडातला आकडा एका चौरस इंचातील उभ्या-आडव्या धाग्यांची बेरीज सांगतो, कापडाची जाडी नाही. पातळ १९०टी छपराखाली ठीक आहे. वाऱ्यापावसात ३०० डेनियर किंवा त्याहून जाड कापड हवे.

माप घेताना गाडीच्या मूळ लांबी-उंचीवर विसंबू नये. विंडशील्डची उंची, आरशांची रुंदी, सिसी बार आणि बॅगा लावून मगच मोजावे. सर्व साहित्य बसवून झाल्यावरच कव्हर घ्यावे, हे उत्तम. विंडशील्डवर येणाऱ्या भागाला मऊ अस्तर आणि सायलेन्सरच्या बाजूला उष्णतारोधक तुकडा असावा, तरी इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय कव्हर घालू नये. पोटाखालून जाणारा पट्टा अत्यावश्यक आहे. सैल कव्हर वाऱ्याने फडफडले, की त्याखाली अडकलेली धूळ पॉलिश पेपरसारखी टाकी घासते. म्हणून कव्हर घालण्यापूर्वी टाकीवरची धूळ पाण्याने उतरवावी, गाडी कोरडी होऊ द्यावी आणि कव्हर आतून अधूनमधून धुवावे.

तुमच्या जागेत पाऊस फक्त एका बाजूने येत असेल, तर गाडी उभी करताना खिडक्यांची जास्त उघडी बाजू भिंतीकडे ठेवावी.

लांबपल्ला (धागाकर्ता)

पाऊस एकाच बाजूने येतो, त्यामुळे ही सूचना लगेच अमलात आणता येईल. सर्वांचे मनापासून आभार. आधी चौकट, मग गुंडाळबंद आतल्या पिशवीसह चामडी बॅग, त्यानंतर विंडशील्ड आणि अगदी शेवटी कव्हर, या क्रमाने खरेदी करणार आहे. चौकट बसल्यावर खडूच्या चाचणीची छायाचित्रे इथेच देतो. कोणाकडे एकाच बाजूला दोन सायलेन्सर असलेली गाडी असेल, तर त्या बाजूची बॅग किती बाहेर घ्यावी लागली आणि त्यामुळे दोन्ही बाजूंचा तोल कसा साधला, हे त्यांनी अवश्य लिहावे.